ब्रेकची खरखर

बैल लंगडू लागला तर शेतकऱ्याला ते कोणी सांगावे लागत नाही. तो बैल थांबवतो, खूर उचलून पाहतो, काटा रुतला आहे की नाल ढिला झाला आहे ते शोधतो आणि मगच पुढची वाट धरतो. मोटारगाडीच्या बाबतीत मात्र आपण असे वागत नाही. ब्रेक दाबला की चाकातून खर्र खर्र असा आवाज येऊ लागतो, आणि आपण गाडीतला रेडिओ थोडा मोठा करतो. रेडिओवरूनच हे सांगतो आहे म्हणून रागावू नका. पण रेडिओ त्या कामासाठी नाही.

आज आपल्या गावांतून जुन्या गाड्या पुष्कळ धावतात. अँबेसडर आणि मारुती ८०० ह्या दोन्ही गाड्या कारखान्यातून बाहेर पडायच्या २०१४ साली थांबल्या, पण रस्त्यावरून त्या काही गेलेल्या नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेली अशी एखादी गाडी गुरुजींना शाळेत नेते, बाळंतिणीला दवाखान्यात पोचवते आणि बाजाराच्या दिवशी कांद्याची पोतीही वाहते. अशा गाडीचा ब्रेक वाजू लागला तर काय समजायचे, हे आज आपण पाहणार आहोत. दुरुस्ती करायची ती मिस्त्रीने. पण दुखते कोठे हे रोग्यालाच सांगावे लागते, आणि गाडीला तोंड नसल्यामुळे तिच्या वतीने ते आपण सांगायचे असते.

प्रथम ब्रेक काम कसे करतो ते थोडक्यात पाहू. आपण पायडल दाबतो तेव्हा एका नळकांड्यातल्या तेलावर दाब पडतो. ह्या नळकांड्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. तेल दबून लहान होत नाही, त्यामुळे तो दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जसाच्या तसा जातो. मारुतीसारख्या लहान गाड्यांत बहुधा पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्या चाकांना ड्रम असतात. जुन्या अँबेसडरला चारही चाकांना ड्रमच असत. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी. तिला दोन्ही बाजूंनी दोन पॅड चिमट्यासारखे धरतात. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा. त्याच्या आत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन शू असतात, ते बाहेरच्या अंगाला फाकतात आणि डब्याला आतून घासतात. पॅडवर आणि शूवर घर्षणाचा एक थर बसवलेला असतो. शूवरच्या थराला आपले मिस्त्री लायनर म्हणतात.

हा थर मुद्दामच लोखंडापेक्षा मऊ केलेला असतो. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने १८९७ च्या सुमारास असे लायनर बनवायला सुरुवात केली. डार्बीशायरच्या डोंगराळ भागात उतारावरून येणारे गाडीवान चाकाच्या लाकडी ठोकळ्याला जुन्या बुटाचे चामडे ठोकतात, हे पाहून त्याला ती कल्पना सुचली असे सांगतात. गाडीवानाचा हिशेब सरळ होता. झिजायचेच आहे तर चामडे झिजावे, चाक झिजू नये. आजच्या गाडीतही तोच हिशेब आहे. पॅड आणि लायनर हे झिजण्यासाठीच जन्माला आलेले असतात. ते वेळेवर बदलले तर डिस्क आणि ड्रम पुष्कळ वर्षे टिकतात. ते संपले आणि आपण तशीच गाडी हाकली, तर मागे उरते लोखंड. मग लोखंडावर लोखंड घासू लागते. खर्र खर्र आवाज येतो तो बहुतेक वेळा ह्याचाच.

पण बहुतेक वेळा म्हणजे प्रत्येक वेळी नव्हे. म्हणून आवाज ऐकला की स्वतःला तीन प्रश्न विचारावेत: आवाज कसा आहे? केव्हा येतो? आणि कोठून येतो?

पहिला प्रश्न, आवाज कसा आहे. ब्रेक दाबल्यावर बारीक, उंच असा चीं आवाज आला, तर ती बहुधा पूर्वसूचना असते. काही पॅडना पत्र्याची एक लहानशी जीभ बसवलेली असते. पॅड पातळ झाला की ही जीभ डिस्कला टेकते आणि चीं करू लागते. सगळ्याच जुन्या गाड्यांच्या पॅडना ती असते असे नाही, तेव्हा चीं झाले नाही म्हणजे सारे ठीक आहे असेही धरू नये. धुळीनेही चीं होते. पण जाडाभरडा, दगडावर फावडे ओढल्यासारखा आवाज आला, आणि पायाला पायडलमधून खरखर जाणवली, तर पूर्वसूचनेची वेळ निघून गेली असे समजा. तिसरा आवाज घूं घूं असा, वेगाबरोबर वाढत जाणारा. तो ब्रेकचा नसून चाकाच्या बेअरिंगचा असण्याचा संभव जास्त.

दुसरा प्रश्न, आवाज केव्हा येतो. सर्वांत जास्त उत्तर ह्याच प्रश्नात असते. ब्रेक दाबला की येतो आणि सोडला की थांबतो, तर दोष घासणाऱ्या भागांत आहे. पॅड, लायनर, डिस्क, ड्रम ह्यांपैकी काहीतरी. ब्रेक न दाबताही सतत खरखरते, तर दोन शक्यता. एक, डिस्कच्या मागे धूळ अडवायला जो पत्रा असतो तो वाकला आहे, किंवा त्याच्यात आणि डिस्कमध्ये खडा अडकला आहे. खडीच्या रस्त्यावरून आल्यावर हे नेहमी घडते. आवाज भयंकर येतो, पण काम पाच मिनिटांचे. दोन, ब्रेक सोडल्यावरही तो पुरता सुटत नाही, म्हणजे जाम झाला आहे.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी निघताना खरखरते. लोखंडी डिस्कवर एका रात्रीत गंजाचा पातळ थर चढतो. दोन-चार वेळा ब्रेक लावला की तो पुसला जातो आणि आवाज बंद होतो. हा दोष नव्हे. मात्र तीन-चार किलोमीटर गेल्यावरही आवाज राहिला, तर गंजावर ढकलू नका. ओढ्यातून किंवा काळ्या मातीच्या चिखलातून गाडी काढली तर ड्रममध्ये चिखल शिरतो आणि तोही घासतो. पाण्यातून बाहेर आल्यावर हळू चालवीत ब्रेक हलका दाबून ठेवावा, म्हणजे लायनर वाळतात. चिखल मात्र ड्रम उघडूनच काढावा लागतो.

आणखी एक. गाडी जागेवर उभी आहे, इंजिन चालू आहे, आणि तरीही आवाज येतो, तर ब्रेकला दोष देऊ नका. चाक फिरत नाही तेथे ब्रेक घासणार कसा?

तिसरा प्रश्न, आवाज कोठून येतो. गाडीत बसून हे ओळखणे कठीण असते, कारण पत्र्यातून आवाज सगळीकडे पसरतो. ह्याला एक सोपी युक्ती आहे. काचा खाली करून, लांब भिंतीच्या कडेने, शाळेच्या आवाराची भिंत असली तरी चालेल, गाडी अगदी हळू न्यावी आणि ब्रेक लावावा. मुले आवारात नसतील अशी वेळ पाहावी. भिंतीकडच्या चाकाचा आवाज भिंतीवर आपटून स्पष्ट परत येतो. मग गाडी उलट बाजूने आणावी. ज्या बाजूला आवाज मोठा, ती बाजू दोषी.

पुढचे की मागचे, हे हँडब्रेक सांगतो. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. मोकळ्या, सपाट मैदानात ताशी दहा किलोमीटरच्या वेगाने जाताना, हँडब्रेकचे बटण अंगठ्याने दाबून धरून, तो हळूच वर ओढावा. आवाज आला तर दोष मागे. आला नाही, आणि पायाच्या ब्रेकने येतो, तर बहुधा पुढे. ही परीक्षा रहदारीच्या रस्त्यावर किंवा ओल्या जमिनीवर करू नये.

बेअरिंगचा संशय असेल तर वळणावर कान द्यावा. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर पडतो. त्या वेळी घूं घूं वाढले तर उजवीकडचे बेअरिंग तपासावे. उजवीकडे वळताना वाढले तर डावीकडचे.

ब्रेक जाम आहे की काय, हे हाताला कळते. पाच-सात किलोमीटर, शक्यतो ब्रेक कमी वापरून गाडी चालवा आणि उतरल्यावर प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ तळहात न्या. हात लावू नका, भाजेल; नुसता जवळ न्या. तीन चाके कोमट आणि एक तव्यासारखे तापलेले असेल, जळका वास येत असेल, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही. हँडब्रेकची तार गंजून अडकली असेल, कॅलिपरचा दट्ट्या किंवा त्याच्या सरकत्या पिना जाम झाल्या असतील. कॅलिपर म्हणजे पॅडना डिस्कवर दाबणारा तो चिमटा.

आता डोळ्यांनी पाहण्याची पाळी. सपाट, घट्ट जागेवर गाडी उभी करा. पहिला गिअर टाका, हँडब्रेक लावा, आणि जे चाक उचलायचे नाही त्याला पुढून-मागून दगडाची उटी लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा आणि मग जॅक लावा. उतरवलेले चाक गाडीच्या खाली आडवे सरकवून ठेवा. जॅक घसरलाच तर गाडी चाकावर टेकेल, माणसावर नाही. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली अंग घालायचे नाही, एक क्षणही नाही.

पुढचे चाक काढले की डिस्क आणि पॅड दिसतात. नवीन पॅडचा घर्षणाचा थर साधारण दहा मिलिमीटर असतो. तो तीन मिलिमीटरवर आला, म्हणजे रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली तर जेवढी जाडी होते तेवढा उरला, की पॅड बदलायची वेळ झाली. येथे एक गोम आहे. बाहेरचा पॅड चटकन दिसतो आणि तो चांगला असला की आपण समाधानाने चाक परत बसवतो. पण सरकत्या पिना कोरड्या पडल्या असतील तर आतला पॅड आधी झिजतो. बाहेर अर्धा शिल्लक आणि आत नुसती पट्टी, असे पुष्कळदा आढळते. म्हणून दाढीचा लहान आरसा धरून आतला पॅडही पाहावा. डिस्क थंड असताना तिच्यावरून नख फिरवावे. नख अडकेल असे खोल चरे पडले असतील, किंवा निळसर डाग दिसत असतील, तर मिस्त्रीला दाखवावे. डिस्क कमीत कमी किती जाड हवी आणि ड्रम जास्तीत जास्त किती रुंद चालेल, हे आकडे बहुधा त्या भागावरच कोरलेले असतात. ड्रम लेथवर घासून पुन्हा साफ करता येतो, पण त्या आकड्याच्या पलीकडे नाही.

मागचा ड्रम घरी उघडण्याच्या भानगडीत पडू नये. जुन्या गाड्यांचे लायनर शूवर रिव्हेटने ठोकलेले असतात. लायनर झिजून रिव्हेटची डोकी वर आली की ती ड्रमला आतून खरडतात. खर्र आवाजाचे हे एक नेहमीचे कारण. दुसरे म्हणजे ड्रममधली काळी भुकटी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरीत असत, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ती तोंडाने फुंकू नये, पंपाच्या हवेने उडवू नये, कोरड्या ब्रशने झाडू नये. ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके टाकून द्यावे. आपल्या गावच्या मिस्त्रीलाही हे सांगा. तो ही भुकटी रोज हुंगतो, आणि त्याच्या हाताखालचा पोऱ्याही.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटलीही पाहावी. पॅड झिजत जातात तसे दट्ट्ये बाहेर सरकतात आणि बाटलीतले तेल हळूहळू खाली उतरते. म्हणजे तेल खाली गेले तर पॅड पातळ झाले असतील किंवा कोठे गळती असेल. नुसते तेल ओतून रेघ गाठली की ही खूण पुसली जाते. आधी कारण शोधावे, मग तेल. आणि तेल घालायचे ते गाडीच्या पुस्तकात सांगितलेले ब्रेक ऑइलच. इंजिनचे तेल घातले तर आतली रबरे फुगतात आणि सगळा ब्रेक निकामी होतो.

एवढे पाहून ठेवले की मिस्त्रीशी बोलणे किती सोपे होते पाहा. एरवी संवाद असा होतो:

"काय गुरुजी, आज इकडं कुठं?"

"अहो मिस्त्री, ब्रेकमध्ये काहीतरी वाजतंय."

"काय वाजतंय?"

"आता काय सांगू? वाजतंय एवढं खरं."

मग मिस्त्री चारही चाके उघडतो, दिवस जातो, मजुरी वाढते. त्याऐवजी गुरुजी असे म्हणाले तर?

"मिस्त्री, पुढचं डावं चाक. ब्रेक दाबला की खर्र करतं, सोडला की गप्प. महिनाभर नुसतं चीं करत होतं, चार दिवसांपासून खरखर आहे. हँडब्रेकनं आवाज येत नाही."

"मग पॅड संपलंय, गुरुजी. डिस्क वाचली असली म्हणजे मिळवली. ठेवा गाडी, दुपारपर्यंत सांगतो."

आज हे आणखी सोपे झाले आहे. मोबाइल बहुतेकांच्या खिशात असतो. शेजारी बसलेल्याने आवाज त्यात भरून घ्यावा आणि मिस्त्रीला ऐकवावा. कारण गाडीचा एक स्वभाव आहे: घरी वाजते आणि गॅरेजच्या दारात गप्प बसते.

आता काही पथ्ये. आवाज बंद व्हावा म्हणून पॅडच्या घासणाऱ्या बाजूला किंवा डिस्कला तेल अथवा ग्रीस लावू नये. आवाज खरोखरच बंद होईल, पण ब्रेकही बंद होईल. तेलाने भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवू नये. तो बदलावा, आणि तेल आले कोठून तेही शोधावे. पॅड किंवा लायनर एका चाकाचे बदलले तर जोडीच्या दुसऱ्या चाकाचेही बदलावेत. नाहीतर एक बाजू जास्त पकडते, दुसरी कमी, आणि ऐन वेळी गाडी एका अंगाला ओढली जाते.

आणि चार लक्षणे अशी आहेत की ती दिसल्यावर गाडी हलवूच नये: ब्रेक दाबताच लोखंड लोखंडावर घासल्याची खरखर, पायडल नेहमीपेक्षा खूप खाली जाणे, ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढणे, आणि चाकाच्या आतून तेल ओघळणे. अशा वेळी मिस्त्रीला गाडीपाशी आणावे.

आता कोणी म्हणेल, "एवढे काय? ब्रेक लागतो आहे ना? मग वाजेना का." ह्याचे उत्तर मी आकड्यांत देतो, शिक्षक बंधुभगिनींना ते वर्गातही उपयोगी पडेल. ताशी साठ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. समोर पोर आडवे आले हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात सतरा मीटर संपले. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या ब्रेकने गाडी थांबायला साधारण वीस मीटर लागतात, म्हणजे क्रिकेटची एक खेळपट्टी. ब्रेकची पकड निम्मी झाली असेल तर चाळीस मीटर, म्हणजे दोन खेळपट्ट्या. ते पोर पहिल्या खेळपट्टीच्या टोकाला उभे असेल, तर वाजणाऱ्या ब्रेकचे "एवढे काय" ते तेथे कळते.

घाटात तर हिशेब आणखी कडक. चार माणसे आणि सामान धरून हजार किलोची गाडी तीनशे मीटर उंचीवरून खाली आली, तर जी शक्ती कोठेतरी मुरावी लागते तिच्या उष्णतेने सुमारे दहा लिटर पाणी तीस अंशांवरून उकळीला येईल. त्यातला वाटा इंजिनाने उचलावा म्हणून खंबाटकी, कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा. गाडी न्यूट्रल करून उतरली तर ती सारी उष्णता ब्रेकच्या माथी येते. निरोगी पॅड ती काही वेळ सोसतो. झिजून संपलेला पॅड सोसत नाही, आणि उतार तर पुढे चालूच असतो.

शिक्षकांना एक विनंती आहे. ह्या एका विषयात घर्षण आहे, उष्णता आहे, द्रवातून दाब सगळीकडे सारखा जातो हा सतराव्या शतकातल्या पास्कलचा नियम आहे. पुस्तकातली चित्रे दाखवण्याआधी एक सायकल वर्गात आणा. तिचे मागचे चाक उचलून फिरवा आणि ब्रेक लावा. रबर कसे धरते ते मुलांना पाहू द्या. मग त्याच सायकलचे झिजून गेलेले जुने रबर दाखवा, आणि त्याच्या आतली धातूची पट्टी रिमला लागली तर काय होईल ते मुलांनाच सांगू द्या. ही मुले संध्याकाळी घरी जाऊन बापाला विचारतील, "बाबा, आपली गाडी ब्रेक लावल्यावर का वाजते?" आपल्या भाषणापेक्षा त्या प्रश्नाचा परिणाम अधिक होईल.

तेव्हा श्रोतेहो, लक्षात ठेवायचे ते इतकेच. कसा, केव्हा, कोठे, हे तीन प्रश्न विचारायचे. आवाज दडपायचा नाही, त्याचे कारण शोधायचे. चीं ऐकताच गॅरेज गाठले तर पॅडच्या एका जोडीवर भागते. खर्र होईपर्यंत थांबलो तर डिस्कचे पैसे पडतात. आणि त्याच्याही पुढे थांबलो तर जे मोजावे लागते त्याला पैशात किंमत नाही. आठवड्यातून एक दिवस काचा खाली करा, रेडिओसुद्धा बंद करा, आणि दोन मिनिटे आपल्या गाडीचे ऐका.